वहीतले राज्य : हाँगकाँगच्या नव्या मुलखातील जमीन आणि सारा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रकात वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. चीनच्या कोपऱ्यातल्या शेतसाऱ्याशी त्याचा संबंध काय? त्याचे उत्तर साधे आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीला संपले आणि पुढचे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. संघटनेत तीस वर्षे गेली. लोकांना वाटते, संघटना म्हणजे मोर्चे आणि घोषणा. प्रत्यक्षात ते काम वह्यांचे आहे. हजेरीपट, पगारपत्रक, निधीचे खाते, यांतल्या कोणत्या रकान्यात कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, यावर माणसाचे आयुष्य ठरते. या धंद्यात मुरलेला माणूस इतिहास वाचू लागला की लढाईचे पान उलटून आधी हिशेबाचे पान शोधतो. असे शोधता शोधता मला हाँगकाँगच्या 'न्यू टेरिटरीज'ची, म्हणजे नव्या मुलखाची हकीगत सापडली. मुलूख जिंकणे आणि मुलूख ताब्यात येणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे तिच्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे दिसले नाही.

प्रथम मुलूख कोणता ते सांगतो. हाँगकाँगचे बेट ब्रिटिशांना १८४२ च्या नानकिंगच्या तहाने मिळाले. समोरच्या कौलून द्वीपकल्पाचे टोक १८६० मध्ये मिळाले. पुढे १८९४–९५ च्या युद्धात जपानने चीनचा पराभव केला आणि युरोपातल्या सगळ्या बड्या राष्ट्रांना चीन म्हणजे वाटणीला काढलेले घर वाटू लागले. जर्मनीने क्याउचौचा उपसागर घेतला, रशियाने पोर्ट आर्थर घेतले. मग इंग्रज मागे कसे राहतील? ९ जून १८९८ रोजी पेकिंगला करार झाला आणि कौलूनच्या उत्तरेचा साडेतीनशेहून अधिक चौरस मैलांचा डोंगराळ प्रदेश व आसपासची बेटे इंग्रजांना ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाली. मुदत १ जुलै १८९८ पासून. भाडे? एक पैसाही नाही.

या मुलखात त्या वेळी सुमारे एक लाख माणसे आणि चारशेहून अधिक गावे होती. भाताची खाचरे, गोड्या पाण्याचे ओढे, किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती. सपाटीच्या चांगल्या जमिनीवर जुनी मोठी घराणी होती. त्यांतले तांग घराणे सर्वांत बलाढ्य. काम तिन, पिंग शान, हा त्सुएन ही त्यांची ठाणी. गावांना विटांचे कोट, कोटांना लोखंडी दरवाजे. डोंगरउतारावर आणि नापीक खोऱ्यांत हक्का लोकांची उशिरा वसलेली गावे होती. हा सारा भाग सान ओन नावाच्या जिल्ह्यात मोडत असे आणि जिल्ह्याचा अधिकारी नाम ताऊ गावी बसत असे. त्याला चिनी भाषेत 'आईबाप अधिकारी' म्हणत. 'मायबाप सरकार' हा शब्द ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अर्ज लिहिताना वापरला, त्या आपल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता या आईबापांचा सारा कसा गोळा होत होता ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. चीनच्या बादशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी डोईपट्टीचा आकडा कायमचा गोठवला होता आणि नंतर तो जमीनसाऱ्यातच मिसळला गेला. म्हणजे कागदावर सारा वाढत नव्हता. परंतु कचेरीतले शिपाई, कारकून, वजनमापे करणारे यांचे हात मधे होते आणि वरकड आकार वाढतच होते. सामान्य शेतकरी शक्यतो कचेरीची पायरी चढत नसे. जमीन विकली तर तिच्या खतावर सरकारी लाल शिक्का मारून घ्यावा आणि त्याची फी भरावी, असा नियम होता. अशा खताला 'लाल खत' म्हणत. फी चुकवून, पंचांसमोर लिहून घेतलेले बिनशिक्क्याचे खत ते 'पांढरे खत'. गावांत पांढऱ्या खतांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. ती खरी होती, गाव ती मानत होते. फक्त सरकारला त्यांची खबर नव्हती.

त्याहून गंमत पुढे आहे. दक्षिण चीनमध्ये एकाच शेताचे दोन मालक असत. एकाकडे जमिनीची 'कातडी', दुसऱ्याकडे तिचे 'हाड'. हाडाचा मालक तो, ज्याचे नाव सरकारी दप्तरात आहे. कातडीचा मालक तो, जो पिढ्यान्पिढ्या नांगर धरतो, ठरलेले धान्य हाडवाल्याला देतो, आणि ते देत आहे तोवर त्याला कोणी उठवू शकत नाही. तो आपली कातडी विकूही शकतो. आता हे हाडवाले कोण? बहुधा तांगांसारखी मोठी घराणी. शेकडो वर्षांपूर्वी त्यांनी विस्तीर्ण प्रदेश आपल्या नावे दप्तरात चढवून घेतला. मागून आलेल्या लहान गावांनी जंगल तोडले, बांध घातले, खाचरे पाडली, आणि कचेरीचा त्रास नको म्हणून सारा या घराण्यांच्या हाती दिला. घराणे गावाकडून जेवढे घेई, त्यापेक्षा कचेरीत कमी भरी. मधला फरक घराण्याचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी यांना 'टॅक्सलॉर्ड', म्हणजे साऱ्याचे सावकार, असे नाव दिले. रत्नागिरीकडची मंडळी येथे असतील तर त्यांच्या तोंडावर एक शब्द आलाच असेल. होय, खोत. दोन्ही ठिकाणच्या वहिवाटी अगदी एक नव्हत्या. पण कसणारा आणि सरकार यांच्यामध्ये उभे राहून दोन्हीकडे हात पसरणारा माणूस दोन्हीकडे होता.

करार जूनमध्ये झाला तरी प्रत्यक्ष कबजा घ्यायला एप्रिल १८९९ उजाडले. चिनी जकातीच्या नाक्यांचे काय करायचे, सरहद्द नेमकी कोठे, यात महिने गेले. हे महिने फार महागात पडले. हाँगकाँगचे वसाहत-सचिव जेम्स स्टुअर्ट लॉकहार्ट यांनी १८९८ च्या ऑगस्टमध्ये सगळा मुलूख फिरून पाहिला. गृहस्थ चिनी भाषा उत्तम जाणणारे. त्यांनी गावे, लोकसंख्या, सारा, चालीरीती यांचा अहवाल ऑक्टोबरमध्ये सादर केला. तिकडे अहवाल लिहिला जात होता आणि इकडे जमिनीचे दलाल गावोगाव हिंडत होते. "इंग्रज येणार, तुमच्या जमिनी काढून घेणार, आत्ताच विकून मोकळे व्हा" असे सांगून मातीमोलाने खरेदी चालली होती. घरे मोजतील, नवे कर बसवतील, अशा वार्ता उठल्या. त्या अगदीच हवेतल्या होत्या असे म्हणवत नाही. याच १८९८ साली पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये इंग्रजांनी दर झोपडीमागे कर बसवला होता आणि त्यावरून तिथे मोठे बंड पेटले होते.

गव्हर्नर सर हेन्री ब्लेक यांनी एप्रिल १८९९ मध्ये जाहीरनामा काढला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, तुमच्या जमिनी आणि चांगल्या चालीरीती सुरक्षित राहतील, सरकारला जमीन लागलीच तर पूर्ण किंमत मिळेल. दुसरी, खरे मालक कोण ते कळावे म्हणून सर्वांनी विनाविलंब आपल्या जमिनींची नोंद करावी. लिहिणाऱ्याच्या मते हे आश्वासन होते. ज्याच्या पेटीत पांढरे खत होते, त्याला त्यातले दुसरे वाक्य कसे ऐकू आले असेल? आणि ज्या घराण्याचा अर्धा पैसा दप्तर आणि शेत यांमधल्या फरकावर उभा होता, त्याला 'खरा मालक' हे शब्द कसे वाटले असतील? मला वाटते, त्या बंडात कसणारा आणि हाडवाला एकत्र उभे राहिले ते या एका कागदामुळे. दोघांची भीती वेगवेगळी, पण कागद एकच.

लढाईची हकीगत थोडक्यात सांगतो. ताई पो येथे झेंडा उभारण्याच्या समारंभासाठी बांबू-चटयांचा मांडव घातला होता. एप्रिलच्या आरंभी गावकऱ्यांनी तो जाळला. पुन्हा घातला, १४ तारखेला पुन्हा जाळला. सैन्य आले. टेकड्यांवर जमलेल्या गावकऱ्यांपाशी जुन्या बंदुका आणि तोफा होत्या. झेंडा ठरल्या दिवसाच्या आधी, १६ तारखेलाच उभारावा लागला. नंतर लाम त्सुएनचे खोरे, मग काम तिनच्या बाजूचे मैदान, आणि सहा दिवसांत सारे संपले. इंग्रजांच्या बाजूला एकही माणूस मेला नाही. चिनी बाजूला सुमारे पाचशे मेले असावेत, असा या युद्धाचे इतिहासकार पॅट्रिक हेस यांचा अंदाज आहे. काम तिनमधील कात हिंग वाई या कोटाचे लोखंडी दरवाजे उखडले गेले आणि ब्लेकसाहेबांनी ते आयर्लंडला स्वतःच्या घरी नेले. गावकऱ्यांच्या मागणीनंतर १९२५ मध्ये ते परत आले.

आणि हे लढणारे 'इंग्रज' सैन्य कोण होते, बंधूंनो? हाँगकाँग रेजिमेंट. ही पलटण १८९२ च्या सुमारास उभारली गेली, आणि तीत भरती होती पंजाबी मुसलमानांची आणि पठाणांची. ताई पोच्या टेकड्या चढणारे पाय आपल्या हिंदुस्थानातले होते. आपल्या पारतंत्र्याचा हिशेब करताना दुसऱ्यांच्या पारतंत्र्यात आपले हात किती लागले, तेही खात्यावर मांडले पाहिजे.

सहा दिवसांत मुलूख जिंकला. पण ताब्यात यायला सहा वर्षे लागली, आणि तीही हिंदी हातांनीच. सरकारपुढे प्रश्न होता की सारा मागायचा कोणाकडे? जुन्या चिनी दप्तरात जमीन किती, ती कुठे, कसतो कोण, याचा प्रत्यक्षाशी मेळ नव्हता. तेव्हा हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यातून मोजणीदार मागवले गेले. १८९९ च्या अखेरीस मोजणी सुरू झाली आणि १९०३ पर्यंत चालली. नकाशाचे माप मैलाला १६ इंच, म्हणजे एका इंचात ३३० फूट. हेच माप उत्तर हिंदुस्थान आणि बंगालच्या गावनकाशांत रूढ होते. हिंदी मोजणीदार साखळी ओढीत डोंगरावरच्या पायऱ्यांच्या खाचरांतून फिरले आणि दर तुकड्याला क्रमांक पडला. तोवर तिथला शेतकरी आपले शेत किती बियाण्याचे, या मापाने सांगत असे. आता ते एकरांत आले, आणि एकराच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंठ्याहूनही बारीक. एकूण तुकडे भरले साडेतीन लाखांच्या आसपास!

मोजणी चालू असतानाच १९०० मध्ये जमीन-न्यायालयाचा कायदा झाला. त्यातले एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. नव्या मुलखातील सर्व जमीन कराराच्या मुदतीपुरती राजसत्तेची मालमत्ता आहे, आणि जो कोणी सरकारच्या परवानगीवाचून किंवा या कायद्याने मान्य केलेल्या हक्कावाचून ती धारण करील तो सरकारच्या दृष्टीने घुसखोर समजला जाईल, असा त्याचा आशय आहे. पाहा, पाचशे-सातशे वर्षे ज्यांची थडगी त्या टेकड्यांवर आहेत ते एका कलमाने घुसखोर झाले. आणि आदल्या वर्षी आलेले सरकार, जे स्वतः ९९ वर्षांचे पट्टेदार, ते मालक झाले. गोळी न झाडता झालेले हे काम त्या सहा दिवसांपेक्षा मोठे होते.

तरी न्यायाने बोलायचे तर न्यायालयाने काम नेटाने केले. गोम्पर्ट्झ नावाचे न्यायाधीश प्रमुख होते. पुढे हाँगकाँगचे गव्हर्नर झालेले सेसिल क्लेमेंटी हेही तरुणपणी या जमिनीच्या कामावर होते. प्रत्यक्ष जमीन कोणाच्या हाती आहे आणि कोण कसतो, यावर भर दिला गेला. पांढरे खतही पुराव्यात धरले गेले. आणि मुख्य म्हणजे, हाडवाल्यांचे दावे बहुतेक फेटाळले गेले. दूरवरच्या बेटांवर आणि खोऱ्यांत ज्या लहान गावांनी पिढ्यान्पिढ्या घराण्यांना धान्य पोचवले, त्यांची नावे प्रथमच सरकारी वहीत स्वतःच्या हक्काने चढली. दलालाची पायरी गेली. त्या गावातल्या एखाद्या हक्का म्हातारीला विचारले असते की कोणते राज्य बरे, तर तिने काय उत्तर दिले असते याची मला कल्पना करता येते. साम्राज्यशाहीवर टीका करताना ही नोंद लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परंतु हे पुण्यकर्म कोणत्या पोटी झाले, तेही पाहावे. सरकारला मधला माणूस नको होता, कारण मधला माणूस सारा खातो. कसणाऱ्याला मालक केले की वसुलीचा रस्ता सरळ होतो. सुरुवातीची वर्षे हा मुलूख खर्चाचाच होता, उत्पन्नापेक्षा खर्च अधिक. म्हणून तर प्रत्येक तुकड्यामागे एक नाव आणि एक आकडा हवा होता. जर्मनांनी त्याच वर्षी शेजारी वेगळा मार्ग धरला. क्याउचौमध्ये त्यांनी २ सप्टेंबर १८९८ रोजी जमिनीचे फर्मान काढले. शेतकऱ्यांनी जमीन सरकारलाच विकावी आणि तीही जुन्या भावाने. मग सरकारने ती लिलावाने शहरासाठी विकावी, किमतीवर दरसाल शेकडा ६ कर घ्यावा, आणि पुढे फेरविक्रीत नफा झाला तर त्याचा तिसरा हिस्सा तिजोरीत घ्यावा. श्रामायर नावाच्या अधिकाऱ्याची ही कल्पना. तीत दलालांचा बाजार बसला. जगातल्या जमीन-सुधारकांनी वाहवा केली, आणि सन यत-सेन यांनी तर १९२४ मध्ये श्रामायर यांना सल्ल्यासाठी कॅन्टनला बोलावून घेतले. योजना हुशारीची, यात शंका नाही. पण वाढलेल्या किमतीचा लाभ ज्याचे शेत गेले त्याच्या पदरात मात्र पडला नाही. एका ठिकाणी शेतकऱ्याचे नाव वहीत चढले, दुसऱ्या ठिकाणी वहीतून उतरले. दोन्ही ठिकाणी लेखणी शेतकऱ्याच्या हाती नव्हती.

१९०५ मध्ये हाँगकाँगचे काम पुरे झाले. प्रत्येक तुकड्याला वेगळा पट्टा करण्याऐवजी एकेका मोजणी-विभागाचा एकच सामुदायिक पट्टा केला आणि त्याला लांबलचक यादी जोडली. तुकड्याचा क्रमांक, क्षेत्र, भातशेत की वरकस की घर, नाव, सालाचा खंड. ज्या दस्तऐवजाने मिरासदाराचा भाडेकरू झाला, तो त्याच्या घरी नसून कचेरीत होता आणि इंग्रजीत होता. मुदत पाहा: १ जुलै १८९८ पासून ७५ वर्षे, पुढे आणखी २४ वर्षे, वजा तीन दिवस. हे तीन दिवस कशाला? सरकारचा स्वतःचा पट्टा ९९ वर्षांचा. तेव्हा पोटभाडेकरूची मुदत मुख्य भाडेकरूच्या आधी संपली पाहिजे. चाळीत खोली पोटभाड्याने देणाराही असाच हिशेब करतो! परंतु या तीन दिवसांनी ऐंशी वर्षांनंतर सगळ्या हाँगकाँगची झोप उडवली. २७ जून १९९७ ला पट्टे संपणार, मग त्यावरच्या इमारती, कर्जे, गहाणे यांचे काय, हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात उभा राहिला. ब्रिटन आणि चीन यांच्या वाटाघाटींचे एक मोठे कारण हेच. १९८४ चा संयुक्त जाहीरनामा झाला आणि पट्टे २०४७ पर्यंत वाढवले गेले. १९०५ च्या वहीतली एक ओळ दोन राष्ट्रांना एका टेबलाशी बसवते, ती अशी.

आता वहीचे दुसरे अंग सांगतो. नव्या मुलखात जिल्हाधिकारी हाच खंड वसूल करणारा, हाच नोंदी ठेवणारा, हाच तंटा सोडवणारा. खंडाची तक्रार घेऊन ज्याच्याकडे जावे त्यानेच खंड मागितलेला! आणि जमिनीबाबत चिनी रूढी चालवावी, असा नियम १९१० च्या कायद्यात पक्का झाला. वरवर पाहता हा लोकांच्या परंपरेचा मान होता. पण रूढी ही वाहत्या पाण्यासारखी असते. ती कायद्याच्या रकान्यात घातली की गोठते. त्या काळच्या चिनी रूढीने जमीन मुलाकडे जाई, मुलीकडे नाही. पुढे खुद्द चीनमध्ये प्रजासत्ताकाच्या दिवाणी संहितेने १९३१ पासून मुलींना वारसा दिला. हाँगकाँग शहरातही १९७१ मध्ये कायदा बदलला. नव्या मुलखातल्या जमिनीवर मात्र, जिथे राज्य इंग्रजांचे, तिथे बादशाही काळाची रूढी चालूच राहिली. बाप मृत्युपत्र न करता मेला की घर भावाचे, भाऊ नसला तर पुतण्याचे, आणि लेक रस्त्यावर. अशा बायका १९९३–९४ मध्ये उघडपणे विधिमंडळाच्या दाराशी उभ्या राहिल्या. गावच्या पुढाऱ्यांनी परंपरेच्या नावाने कडाडून विरोध केला. पण १९९४ मध्ये कायदा बदलला. चीनच्या तुलनेत साठ वर्षांहून अधिक उशीर झाला, आणि तोही रूढीचा मान राखतो म्हणणाऱ्या सरकारच्या दप्तरामुळे.

पुरुषांच्या बाजूला याचेच उलटे फळ आले. ज्याचा पूर्वज १८९८ मध्ये तिथल्या गावात राहत होता, त्याच्या पुरुषवंशातल्या प्रत्येकाला गावात एक लहान घर बांधण्याचा हक्क १९७२ च्या धोरणाने मिळाला, आणि २०२१ मध्ये हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. एका पट्ट्याच्या आरंभाचे साल माणसांची जात ठरवू लागले, असेच म्हणायचे!

रकान्याचा तिसरा परिणाम पाहा. १९२३ च्या सुमारास सरकार म्हणू लागले की वहीत 'शेत' लिहिले आहे तिथे घर बांधायचे तर वेगळा पैसा भरा. गावकरी चिडले, एकत्र आले, संघटना काढली. हा काळ मोठ्या संपाचा. जून १९२५ पासून ऑक्टोबर १९२६ पर्यंत कॅन्टन–हाँगकाँगचा सार्वत्रिक संप चालला आणि वसाहतीचा श्वास कोंडला. तेव्हा गव्हर्नर म्हणून आले ते क्लेमेंटी, जमिनीच्या कामावर राहिलेले तेच गृहस्थ. १९२६ मध्ये गावकऱ्यांच्या संघटनेला 'हुंग यी कुक' हे नाव त्यांच्याच सूचनेने मिळाले. शहरातला कामगार संपावर असताना खेड्यातला शेतकरी तरी आपल्या बाजूला असावा, हा हिशेब त्यात असावा, असा माझा तर्क आहे. संप पाहिलेल्या माणसाचा तर्क म्हणून घ्या. पुढे १९८३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की १९०५ च्या यादीतले 'भातशेत' हे शब्द केवळ वर्णनाचे आहेत, बंधनाचे नाहीत. झाले! खाचरांवर जहाजाच्या लोखंडी पेट्यांचे डोंगर उभे राहिले. एका काळी त्याच शब्दाने शेतकऱ्याचे हात बांधले होते, आता त्याच शब्दाने गोदामवाल्याचे सोडले.

या सर्वांतून मला जे म्हणायचे आहे ते आता सांगतो. वही वाईट नसते. वहीत नाव नसणे हे वहीत नाव असण्याहून फार वाईट. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रात सापडून एका कंत्राटी कामगाराची तीन बोटे गेली. तो नऊ वर्षे त्याच यंत्रावर होता. भरपाई मागायला गेलो तर साहेब म्हणाले, "या नावाचा माणूस आमच्या हजेरीपटावर नाही." नाव कंत्राटदाराच्या वहीत होते, आणि ती वही कंत्राटदाराने आणलीच नाही. हे ऐकताना मला सान ओनच्या दप्तराची आठवण झाली. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे. म्हणून दप्तर जाळा असे मी कधी म्हणणार नाही. ताई पोचा मांडव जाळून नोंद थांबली नाही. ती फक्त ज्यांना लिहायची होती त्यांच्या पद्धतीने लिहिली गेली.

म्हणून जेव्हा सरकार, मग ते परके असो वा आपले, नोंद करायला दाराशी येते, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. रकाने कोणी आखले? नाव कोणाचे चढते, आणि घरातल्या बाईचे चढते की नाही? आणि नोंद चुकली तर दुरुस्त करणारा माणूस वसूल करणाऱ्याहून वेगळा आहे का? हाँगकाँगच्या हक्का शेतकऱ्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, दुसऱ्याचे अर्धे मिळाले, आणि तिसऱ्याचे मिळण्याचा संभवच नव्हता, कारण जिल्हाधिकारी एकच होता. आपल्याकडे सातबारा आहे, वारसनोंद आहे, हजेरीपट आहे आणि हे तिन्ही प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. घरी गेल्यावर आपापला उतारा काढून पाहावा आणि त्यावर आईचे, बहिणीचे, बायकोचे नाव कोठे आहे ते शोधावे.